कचेरीतला कागद कशाने हलतो?



‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. ऊस पिकवणाऱ्याला तर ती फारच जवळची. घरातला कर्ता माणूस गेला की सातबाऱ्यावर वारसांची नावे लागावी लागतात. सोसायटीचे पीककर्ज, कारखान्यातले शेअर्स वारसाच्या नावावर करणे, नव्या लागणीची नोंद, अशी सगळी कामे त्या एका उताऱ्याला अडकून बसतात. उतारा लांबला की कर्ज लांबते, कर्ज लांबले की खत लांबते, आणि उसाला खत वेळेवरच लागते.

म्हणून कचेरीत कागद कसा चालतो, तो कुठे अडतो आणि कशाने हलतो, हे सभासदांनी समजून घेतले पाहिजे. आपल्या राज्यात हा कागद हलवण्याचे जे चांगले प्रयत्न झाले, त्यांतले काही सरकारी नोकरांनीच आपणहून हाती घेतले होते. ते आपल्याला ठाऊक असलेले बरे.

कागदाचा प्रवास

वारस नोंदीचेच उदाहरण घेऊ. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याला) कळवावे, असे जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते. अर्ज आला की तो आधी वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये चढतो. वारस कोण याची चौकशी होते. मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा जातात आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत नसेल तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात आणि नावे सातबाऱ्यावर येतात.

तंटा नसेल तर यात सहा महिने लागावेत असे काहीच नाही. मग वेळ जातो कुठे? आमच्या मते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, कागद कोणत्या टेबलावर आहे हे सांगायला कोणी नसते. दोन, अर्जात काय कमी आहे हे पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही. तिसऱ्या हेलपाट्याला कळते की मृत्यूचा दाखलाच जोडायचा राहिला आहे.

नगरचा प्रयोग

ही दोन्ही दुखणी ओळखून १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका जिल्हाधिकाऱ्याने मोठे काम केले. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, त्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचे ते जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना. त्यांनी आपल्या कचेरीची घडी नव्याने बसवली. धुळीत पडलेले गठ्ठे सोडवले, कागदांची वर्गवारी केली आणि आलेल्या माणसाला आपले काम कुठे आहे हे कळेल अशी व्यवस्था लावली. हे करा असा कोणताही कायदा त्या वेळी त्यांच्या मागे लागलेला नव्हता. पुढे हीच पद्धत ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर माहीत झाली.

कचेऱ्यांत आज ‘सहा गठ्ठे पद्धत’ म्हणतात, ती याच वळणाची. प्रत्येक कारकुनाने आपले कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे : (१) ज्यावर आपण काम करायचे आहे ते, (२) दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत असलेले, (३) ठरावीक मुदतीने पाठवायची पत्रके, (४) कायमचे आदेश, (५) काम संपून अभिलेख कक्षात जाणारे, आणि (६) मुदत संपल्याने नष्ट करायचे.

दिसायला ही गोष्ट अगदी साधी. पण पहिल्या आणि दुसऱ्या गठ्ठ्यातला फरकच शेतकऱ्याच्या कामाचा. ‘तुमचे प्रकरण प्रोसेसमध्ये आहे’ या उत्तरात काहीच कळत नाही. ‘ते माझ्याकडे आहे, परवा या’ किंवा ‘ते भूमी अभिलेख कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबले आहे’ असे सांगितले, की माणसाचा हेलपाटा वाचतो आणि पुढे कोणाला भेटायचे तेही कळते.

पुढे २०१७ मध्ये पुणे विभागाचे आयुक्त श्री. चंद्रकांत दळवी यांनी पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम चालवली. जुने दप्तर लावायचे आणि रोज येणारा कागद रोज निकालात काढायचा, असा तिचा सरळ मंत्र. श्री. दळवी खटाव तालुक्यातल्या निढळ गावचे. त्या दुष्काळी गावाच्या विकासासाठीही ते नोकरी सांभाळून अनेक वर्षे खपले.

अधिकाऱ्यांच्या संघटनाही यात मागे राहिल्या नाहीत. पगारवाढ मागणारी संघटना आपल्याच लोकांना ‘पगारात भागवा’ असे सांगेल, हे कोणाला खरे वाटले नसते. पण राजपत्रित अधिकारी महासंघाने याच नावाचे अभियान चालवले. सगळे सुधारले असे आम्ही म्हणत नाही. पण लाच वाईट हे वरच्याने सांगणे वेगळे आणि शेजारच्या टेबलावरच्याने सांगणे वेगळे.

दोन शब्दांचा घोळ

कागद हलला तरी त्यावरची भाषा कळली पाहिजे. ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे’ असे पत्र आले, की साध्या माणसाला वाटते अर्ज दाखल झाला, आता काम होणार. कचेरीच्या भाषेत त्याचा अर्थ नेमका उलटा : कागद फाईलला लावून ठेवला, पुढे काही होणार नाही. ‘प्रकरण निकाली काढले’ याचेही तसेच. निकाल आपल्या बाजूने लागला असा त्याचा अर्थ होतोच असे नाही. असे पत्र हाती पडून माणूस खुशीत घरी बसतो आणि अपिलाची मुदत निघून जाते.

‘तुमच्या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडलेला नाही, तो आणून द्या’ एवढे एक वाक्य लिहायला फार शाई लागत नाही. जो कर्मचारी असे लिहितो तो मोठी सेवा करतो, असे आम्ही मानतो.

कायदा काय देतो

२००५ च्या राज्य कायद्याने एका अधिकाऱ्याकडे फाईल साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे ठरवले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. अर्जाची पोच द्यायची, नाकारले तर कारण लेखी द्यायचे, आणि उशीर झाला तर दोन अपिले त्याच खात्यात व तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे, अशी सोय आहे. कसुरदार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

कायद्याचा धाक हवाच. पण धाकाने कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ढकलला जातो, एवढेच. पहिल्या दिवशी ‘काका, हा एक दाखला कमी आहे बघा’ असे सांगायला मनच लागते. आणि अशा मनाच्या माणसाची तीन वर्षांनी बदली होते. मागे उरतात गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या. नवा माणूस त्या वाचतो की नुसत्या ठेवतो, हे पुष्कळसे आपण काय विचारतो यावर अवलंबून आहे.

सभासदांनी काय करावे

अर्ज लेखीच द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. पोचेवर तारीख आणि नंबर आहे ना, ते पाहावे. भिंतीवरचा सेवांचा फलक वाचावा. त्यावर मुदत आणि अपील कोणाकडे करायचे ते लिहिलेले असते. पत्रातला शब्द कळला नाही तर लाजू नये, तिथेच अर्थ विचारावा. ‘काम कधी होईल?’ याच्या आधी ‘कागद कोणाकडे आहे आणि कशासाठी थांबला आहे?’ असे विचारावे. आणि ज्याने नीट काम केले, त्याच्या वरिष्ठांना दोन ओळींचे पत्र जरूर लिहावे. तक्रारीची पत्रे पुष्कळ जातात, चांगल्याची कोणी लिहीत नाही. मग चांगले काम करणाऱ्याने ते कोणाच्या भरवशावर करायचे?

हीच फूटपट्टी आपण आपल्या गट ऑफिसलाही लावावी. ऊस नोंदीची पोच मिळते का, तोडीची तारीख का पुढे गेली हे सरळ शब्दांत सांगितले जाते का, हे सभासदाने विचारावे आणि कर्मचाऱ्याने राग न मानता सांगावे. तहसील कचेरीकडून आपण जे मागतो, ते आधी आपल्या घरात असावे, एवढेच आमचे म्हणणे.