सोफा पंचावन्न किलोचा, बिल्टी दोनशे सत्तरची

पुण्याहून बाळापूरला एक सोफा आणायचा म्हटलं, की ट्रान्सपोर्टचं कोटेशन साधारण असं येतं: बेसिक फ्रेट, एफएससी, डॉकेट (बिल्टी, म्हणजे मालाची पावती, बनवण्याचा आकार), एफओव्ही, ओडीए, हमाली. कधीकधी तळाशी जीएसटीही. फोनवर ‘आठ रुपये किलो’ एवढंच ऐकलेलं असतं. सोफा ५५ किलोचा, म्हणजे ४४० रुपयांत काम व्हायला हवं. कागदावर मात्र साडेतीन हजारांच्या वरचा आकडा. (हे आकडे समजुतीसाठी धरले आहेत, पण प्रत्यक्षातली तफावत याच जातीची असते.) मग कुणी म्हणतं, ‘लुटतात हो सगळे,’ आणि कुणी म्हणतं, ‘सरकारी नियम असंन बा, द्या न भरून.’ या ओळींपैकी काही खऱ्या कामाच्या असतात, काही जोखमीच्या, काही निव्वळ छापील सवयीच्या. सरकारी त्यात फार थोडं असतं.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे काट्यावर जेवढं वजन, तेवढ्याचंच भाडं. वऱ्हाडात हा समज टिकून असावा याचं मला नवल वाटतं. सुटा कापूस भरला की वजन पुरं व्हायच्या आधीच गाडी भरते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तर जिनिंगच्या शेजारी प्रेसिंग उभं राहिलं. रुई दाबून तिची गाठ बांधायची, आज ती सुमारे १७० किलोची असते, आणि मगच ती लांबच्या प्रवासाला निघते. लॉर्ड मेयोच्या हस्ते १८७० साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला तो मुख्यतः कापसासाठीच. वाघिणीत हवा भरून पाठवणं तेव्हाही कुणाला परवडत नव्हतं.

ट्रकवाला सोफ्याकडे त्याच नजरेनं पाहतो. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फूट उंच, म्हणजे ४५ घनफूट जागा अडली. दर घनफुटाला अमुक किलो धरायचे असा प्रत्येक कंपनीचा ठरलेला आकडा असतो, धंद्यात त्याला सीएफटी म्हणतात. तो ६ असेल तर सोफा २७० किलोचा होतो, १० असेल तर ४५० किलोचा. काट्यावरचं आणि मापाचं, यातलं जे जास्त भरेल त्यावर भाडं. म्हणजे आठ रुपये किलोनं एकीकडे २,१६० आणि दुसरीकडे ३,६००. दर तोच, सोफा तोच. म्हणून ‘किलोला किती?’ या प्रश्नाला एकट्याला काही अर्थ नाही, ‘सीएफटी किती धरता?’ हेही विचारावं लागतं. कुरिअरवाले सेंटीमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून बहुधा ५,००० ने भागतात. हिशेब तोच.

इथं ग्राहकाच्या हाती बरंच असतं. माप पॅकिंगनंतरचं धरतात, त्यामुळे सोफ्याचे पाय काढून वेगळे बांधले तरी उंची कमी होते. खोक्यातली मोकळी जागा म्हणजे विकत घेतलेली हवा. आणि बुकिंगच्या वेळी टेप लावलेला फोटो काढून ठेवला, तर पुढे अकोल्याच्या गोदामात ‘माप वाढलं’ असं कुणी म्हणालं तर दाखवायला काहीतरी हाती राहतं.

एफएससी म्हणजे फ्युएल सरचार्ज. ‘डिझेल वाढलं की हा वाढतो’ इतकं लोकांना माहीत आहे. उतरल्यावर तोही उतरायला हवा, हे विचारायचं मात्र राहून जातं. केंद्रानं डिझेलवरचं उत्पादन शुल्क मे २०२२ मध्ये लिटरमागे ६ रुपयांनी कमी केलं, मार्च २०२४ मध्ये भाव आणखी २ रुपयांनी उतरले. कंपनीचा सरचार्ज कोणत्या दिवसाच्या कोणत्या भावाशी बांधलेला आहे हे दरपत्रकात असतं, निदान असायला हवं. शिवाय हा सरचार्ज टक्क्यांत असतो आणि मूळ भाड्यावर बसतो. २,१६० वर १५ टक्के म्हणजे ३२४, तर ३,६०० वर ५४०. टक्क्यावर घासाघीस करण्यापेक्षा आधी माप तपासलेलं बरं.

आता ओडीए, म्हणजे कंपनीच्या नेहमीच्या वाटपक्षेत्राबाहेरचं गाव. याचा बाळापूरकरांना राग येतो आणि तो समजण्यासारखा आहे. गाव राष्ट्रीय महामार्गावर, जुन्या सहाच्या, आताच्या त्रेपन्नच्या. अकोल्याहून पंचवीसेक किलोमीटर. याच महामार्गावर अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग करून गिनीज विक्रमही झाला. मग आम्ही आडगावचे कसे? पण ओडीए रस्त्यावरून ठरत नाही. कंपनीची गाडी रोज कोणत्या पिनकोडात जाते, त्यावरून ठरतं. अकोल्यात तिचं गोदाम असेल आणि बाळापूरला रोजचा माल नसेल, तर एका सोफ्यासाठी छोटा हत्ती पाठवून तो रिकामा परत आणण्याचा खर्च या ओळीत येतो. दुसऱ्या कंपनीच्या यादीत हेच बाळापूर नेहमीच्या क्षेत्रात असू शकतं. तेव्हा ओडीए दिसला की दुसरीकडे विचारावं. तसं पाहिलं तर हे दुखणं जुनंच आहे. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, पण बाळापूर शहर बाजूला ठेवून ती पारसवरून गेली. स्टेशन ते गाव हा टप्पा तेव्हापासून वेगळा आहे.

पर्याय म्हणजे ‘गोडाऊन डिलिव्हरी’. अकोल्यातून माल आपणच उचलायचा. ओडीएचे समजा ७०० रुपये लागत असतील, तर ते आणि आपल्या ओळखीच्या टेम्पोचं भाडं यांची तुलना करावी. फक्त उचलायला उशीर करू नये. ठरावीक मोफत दिवस संपले की डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, सुरू होतं, आणि त्या दिवसांत रविवार धरतात की नाही हे आधीच विचारलेलं चांगलं.

पत्त्याचंही भान हवं. नुसतं ‘बाळापूर’ लिहू नये. हिंगोली जिल्ह्यात आखाडा बाळापूर आहे, हैदराबादेत गणपतीच्या लाडवाच्या लिलावासाठी गाजलेलं बाळापूर आहे. ‘जि. अकोला’ आणि ४४४३०२ हा पिनकोड ठळक लिहावा. भलतीकडे गेलेल्या मालाचं परतीचं भाडं कुणी भरायचं हा वाद सुरू झाला, की पत्ता अर्धवट लिहिणाऱ्याची बाजू लंगडीच राहते.

‘एफओव्ही भरलं, म्हणजे विमा झाला.’ नाही झाला. मालाच्या किमतीवर काही दशांश टक्के अशी ही कंपनीची स्वतःची आकारणी आहे. विमा कंपनीची पॉलिसी ही वेगळी वस्तू. रस्त्यावरच्या मालवाहतुकीला २००७ चा कायदा लागू आहे. तो १ मार्च २०११ पासून अमलात आला आणि १८६५ चा जुना कायदा गेला. जास्त जोखमीचा दर लेखी ठरवून भरलेला नसेल, तर नियमाप्रमाणे भरपाईची कमाल मर्यादा भाड्याच्या दहापट, आणि तीही बिल्टीवर लिहिलेल्या किमतीच्या आतच. आपल्या सोफ्याचं भाडं २,१६०. म्हणजे तो पुरता मोडला तरी फार तर २१,६००, मग त्याची किंमत ४५,००० का असेना. आणि एफओव्ही वाचवायला कुणी किंमत ५,००० लिहिली असेल, तर मर्यादाही ५,०००च. ०.२ टक्क्यांनी हिशेब केला तर ही हुशारी ८० रुपयांची. ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का मारल्यानं वाहतूकदाराची जबाबदारी शून्य होते, हाही असाच एक समज, दोन्ही बाजूंनी पसरलेला. ती मर्यादित राहते, संपत नाही.

सरकारच्या नावावर खपणाऱ्या ओळींपैकी ई-वे बिलाची ओळ मला सर्वांत नापसंत. पोर्टलवर ते बिल फुकट निघतं. कुणी ५० रुपये लावले असतील तर ते कार्यालयानं टाइप करून दिल्याचे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल एक लाखाच्या आतला असेल तर साधारणपणे ते लागतच नाही, परराज्यातून येणाऱ्या मालाला ही मर्यादा ५०,००० आहे. जकात तर मुंबईतूनही १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली, तरी जुन्या छापील बिल्टीवर तिचा रकाना अजून दिसतो. त्यात आकडा भरला जात नाही ना, एवढं पाहावं.

जीएसटीचं प्रकरण थोडं किचकट आहे. दुकानदारानंच पोच करण्याची जबाबदारी घेतली असेल, तर पोचवण्याच्या पैशांवर सोफ्याला लागतो तोच दर लागतो. कुरिअरला १८ टक्के. पण बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्टकडे एखाद्या साध्या, नोंदणी नसलेल्या व्यक्तीनं घरचा माल टाकला आणि भाडंही स्वतःच भरलं, तर त्या सेवेला करमाफी आहे. नोंदणी असलेल्या दुकानदाराच्या बिल्टीवर ‘रिव्हर्स चार्ज’ लिहिलेलं असेल, तर ५ टक्के कर त्यानं थेट सरकारकडे भरायचा असतो, ट्रान्सपोर्टनं तो वसूल करायचा नाही. दोन्हीकडे कर गेल्याचं अनेकांना वर्षाअखेरीस सीएकडे बसल्यावरच कळतं.

हमालीबद्दल मात्र मी घासाघीस करणार नाही. ती खरी मेहनत आहे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशी मालवाहतूकदारांची घोषणाच आहे, तिचा अर्थ भराई-उतराईचा खर्च गाडीवाल्यावर टाकू नका. ‘पेड’ लिहिलेल्या बिल्टीवरही दारात पैसे का मागतात, याचं उत्तर इथंच आहे: ‘पेड’ म्हणजे भाडं भरलेलं, उतराई, दुसऱ्या मजल्यावर चढवणं हे त्यात असेलच असं नाही. फक्त एकाच कामाची हमाली चढवताना, गोदामात आणि दारात अशी तीनदा लागलेली नाही ना, हे बघावं. आणि किल्ल्याकडच्या जुन्या वस्तीत गल्ली अरुंद असेल तर ते बुकिंग करतानाच सांगावं, नाहीतर मोठी गाडी चौकात उभी राहते आणि तिथून घरापर्यंतचा भाव जागेवर ठरतो.

ऑनलाइन खरेदीत आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर एकेक आकार चढवण्याला केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवी पद्धत म्हटलं आहे. त्याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. घरच्या वापरासाठी घेतलेल्या वस्तूचं प्रकरण अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही नेता येतं, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही. ट्रान्सपोर्टविरुद्ध नुकसानीचा दावा करायचा असेल तर आधी लेखी नोटीस हवी, आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. त्यासाठी पोचपावतीवर सही करण्यापूर्वीच ‘डावा हात तुटलेला, पॅकिंग फाटलेलं’ असं स्वतःच्या अक्षरात लिहावं. ड्रायव्हर घाईत असतो, तो ‘नंतर पाहा’ म्हणेल. कोरी सही झाली, की माल सुस्थितीत मिळाल्याचा तोच पुरावा होतो.