वैद्यकीय शिक्षणापूर्वी रुग्णसेवेचे निरीक्षण

जीवकाने तक्षशिलेत आचार्यांच्या सान्निध्यात सात वर्षे वैद्यकविद्या आत्मसात केली. पुढे तो भगवान बुद्धांचा व भिक्षुसंघाचा वैद्य झाला. गुरूजवळ राहून पाहत शिकण्याची ही परंपरा आजही उपयुक्त आहे.

अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक वैद्यक महाविद्यालयांत जाऊ इच्छिणारे विद्यार्थी प्रवेशापूर्वी त्या पद्धतीच्या डॉक्टरांचे काम जवळून पाहतात. अनेक महाविद्यालये तशा डॉक्टरांचे शिफारसपत्रही मागतात. आपल्याकडे एम.बी.बी.एस.चा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर ठरतो. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पत्करणाऱ्या कित्येकांनी रुग्णालयाचा दिनक्रम कधी पाहिलेला नसतो. ज्यांच्या घरात कोणी डॉक्टर नाही, त्यांना विचारावे कोणाला, हाच प्रश्न असतो.

यासाठी दहावीनंतरची सुट्टी योग्य होय, कारण शाखेची निवड तेव्हाच करावयाची असते. शाळेचे व पालकांचे पत्र घेऊन पौडचे ग्रामीण रुग्णालय, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा गावातील डॉक्टर यांच्याकडे विनंती करावी. अनुमती मिळाल्यास बाह्यरुग्ण विभागात शांतपणे बसून पाहावे. रुग्णाची संमती नसेल तेथे थांबू नये. उपचारांत हात घालू नये, छायाचित्र घेऊ नये, ऐकलेले बाहेर बोलू नये. परिचारिका व औषधनिर्माते यांचेही काम पाहावे. कदाचित आपला कल तिकडे असेल.

वैद्यकीय सेवेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एका विद्यार्थ्याला चार दिवस आपल्याजवळ बसू दिले, तरी तो आपला निर्णय डोळसपणे घेऊ शकेल.