पेशींचे स्वभक्षण आणि खजाना विहीर

गेल्या आषाढी एकादशीस आम्ही चौसाळ्यास आमच्या एका आप्तांकडे होतो. घर एकत्र कुटुंबाचे. फराळाची पंगत मोठी. परंतु थोरल्या काकू पंगतीस बसल्या नाहीत. "उपवासात पेशी आपला केरकचरा आपणच खातात, या शोधास नोबेल पारितोषिक मिळाले आहे," असा मजकूर पुतण्याने त्यांस मोबाइलवर वाचून दाखविला होता. मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेऊनही काकूंनी दिवसभर पाण्याखेरीज काही घेतले नाही. तिसऱ्या प्रहरी त्यांस दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले. सुदैवाने शुद्ध हरपली नव्हती. साखरेचे पाणी पिताच त्यांस हुशारी आली. रात्री पुतण्याने आम्हांस विचारले, "मग ते शास्त्र खोटे समजावयाचे काय?"

शास्त्र खोटे नाही. परंतु शास्त्रज्ञ काय मोजतात व कसे मोजतात हे जाणल्यावाचून त्यावरून घरगुती सिद्धांत काढणे धोक्याचे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पेशी आपल्यातील जीर्ण भाग दुहेरी पापुद्र्याच्या पिशवीत गुंडाळते. ती पिशवी लायसोसोम नामक पाचक कोठीस जाऊन मिळते. आतील द्रव्य विघटित होते आणि त्याचे घटक पुन्हा कामी येतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी १९६३ साली या क्रियेस 'ऑटोफॅजी' हे नाव दिले. आपण तीस स्वभक्षण म्हणू. त्या काळी ती पाहण्याचे मुख्य साधन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हेच होते. त्यासाठी पेशी मारून तिचे अतिशय पातळ काप घ्यावे लागत. अर्थात दिसे ते एका क्षणाचे चित्र.

जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी निराळी युक्ति योजिली. पाचक द्रव्ये नसलेले यीस्ट त्यांनी घेतले व त्यास नायट्रोजनवाचून उपाशी ठेविले. पिशव्या तयार होत, पण पचत नसत. त्यामुळे थोड्याच तासांत त्यांची एवढी दाटी झाली की, त्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू लागल्या. हे संशोधन १९९२ साली प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी या क्रियेस आवश्यक अशा पंधरा जनुकांचा माग लागला आणि २०१६ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे २००० साली प्राण्यांच्या पेशींतील एलसी-३ हे प्रथिन त्या पिशव्यांच्या पापुद्र्यास चिकटते असे आढळले. त्यास हिरवे चमकणारे प्रथिन जोडले म्हणजे जिवंत पेशीत पिशव्या ठिपक्यांसारख्या मोजता येतात. परंतु येथेच नवशिका फसतो. ठिपके वाढले म्हणजे स्वभक्षण वाढलेच, असे नव्हे!

हे समजण्यास चौसाळेकरांस लांब जाणे नको. बीडच्या वाटेवर, शहराच्या अलीकडे, निजामशाही काळची खजाना विहीर आहे. तीत दोन भुयारी पाटांनी पाणी येते व एकाने जाते, आणि पातळी सदा सारखीच राहते, असे सांगतात. नुसती पातळी पाहून कोणी म्हणेल, पाणी थांबलेले आहे. वस्तुतः ते अखंड वाहते. उलट, पातळी चढली तर आवक वाढली की जावक तुंबली, हे काठावरून कसे कळावे? जावकेचा पाट क्षणभर बंद करावा आणि पाणी किती वेगाने चढते ते पाहावे, हाच उपाय.

प्रयोगशाळेत हेच करितात. पेशींच्या चार बशा घेतात: दोन पोसलेल्या, दोन उपाशी. प्रत्येक जोडीतील एकीत बॅफिलोमायसिन घालतात. त्याने लायसोसोममधील अम्लता नाहीशी होऊन पचन थांबते. औषध घातलेल्या व न घातलेल्या बशांतील एलसी-३ चा फरक हा खरा प्रवाह होय. दुसरी रीत दोन रंगांची: हिरवा रंग अम्लात विझतो, तांबडा टिकतो, म्हणून कोठीस न पोहोचलेली पिशवी पिवळी दिसते आणि पोहोचलेली तांबडी.

आपल्याकडेही ही विद्या रुजली आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांस पेशी पुरविते. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात रवी मंजिठाया व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वभक्षण वाढविणारे एक द्रव्य कंपवाताच्या नमुन्यादाखल घेतलेल्या उंदरांवर पारखले; ते २०१७ साली प्रसिद्ध झाले.

आता मनुष्याचे काय? उपाशी उंदरांत स्वभक्षण वाढते हे २००४ साली दाखविले गेले. परंतु इवल्याशा उंदराचा एक दिवसाचा उपास मनुष्याच्या एका दिवसाबरोबर धरता येत नाही. शिवाय जिवंत माणसाच्या यकृतातील वा मेंदूतील जावक बॅफिलोमायसिनने बंद करून पाहणे अशक्य. अलीकडे काढून घेतलेल्या रक्तावर नळीत असा प्रयोग करितात. पण तो रक्तपेशींचाच हिशेब सांगतो. म्हणून अमुक तास उपाशी राहिल्याने आपल्या यकृताची इतकी सफाई झाली, असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने विहिरीची पातळी पाहिली आहे, पाट पाहिलेला नाही.

एकादशी श्रद्धेची आहे. तीस नोबेलच्या शिक्क्याची गरज नाही. मात्र घरात मधुमेहाचे औषध घेणारे वडीलधारे असतील, तर उपवासापूर्वी गोळीची मात्रा वैद्यकीय सल्ल्याने ठरवून घ्यावी, आणि घाम वा कंप सुटताच व्रताचा विचार न करिता साखर द्यावी. काकूंनी हे मान्य केले आहे. पुढल्या एकादशीस त्या डॉक्टरांस विचारून भगर घेणार आहेत, आणि मोबाइल वाचून दाखविण्यापूर्वी पुतण्याने पाट पाहावा, अशी त्यांची आज्ञा आहे.