पाणी वाजलं की मग ठेवा

ट्रॉम्ब्याहून मोटरसायकलने घाटावर जायचं तर झटपट पोचवणारे रस्ते आपल्याला बंद. अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला, त्यावर दुचाकी चालत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही नाही. मग मानखुर्द, वाशीचा खाडीपूल, पनवेल, खोपोली, बोरघाटातला शिंग्रोबा, लोणावळा ही जुनी वाट धरायची. पुण्यातून पुढे दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण आणि मग माणदेशातली दहिवडी. मे महिन्यात या वाटेवर माणूस पाणी पितो, झाडाखाली थांबतो आणि निभावून नेतो. सामानातल्या इन्सुलिनचं सगळं आपल्याला बघावं लागतं. गावाकडे आईला लागणारं नेमकं कार्ट्रिज कधी मिळतं, कधी मिळत नाही, म्हणून ते इथून न्यायचं काम माझ्याकडे आहे.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. पेनात चढवलेलं, वापरात असलेलं कार्ट्रिज मात्र बाहेर चालतं. बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे. नेमका आकडा प्रकारानुसार बदलतो, तो खोक्यातल्या चिठ्ठीवर असतो आणि ती चिठ्ठी एकदा तरी शेवटपर्यंत वाचावी. म्हणजे प्रवासात कामं दोन झाली. साठ्याचं इन्सुलिन थंड ठेवायचं आणि वापरातलं नुसतं तापू द्यायचं नाही. ही दोन कामं एकाच पिशवीत उरकायला गेलं की दोन्ही बिघडतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

लोक उन्हाला घाबरतात आणि बर्फावर विश्वास टाकतात. औषधाच्या बाबतीत हा विश्वास धोक्याचा आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने त्याची ताकद हळूहळू उतरते. ऊन किती आणि किती वेळ, यावर नुकसान ठरतं. गोठलं तर मात्र ते एकदाच आणि कायमचं बिघडतं. दुधाळ दिसणाऱ्या प्रकारात मग गुठळ्या दिसू शकतात, पण पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गोठून वितळल्यावर पुन्हा तसंच स्वच्छ दिसू शकतं. डोळ्यांना काही कळत नाही, सुई टोचली जाते आणि साखर उतरत नाही.

बर्फ कसा भरायचा हे मला आमच्या भागातल्या हेल्थ पोस्टमधल्या सिस्टरांनी शिकवलं. लसीकरणाला निघताना त्या खांद्यावर अडकवायचा लसीचा डबा भरत होत्या. फ्रीझरमधून काढलेले चारही आइसपॅक त्यांनी टेबलावर मांडून ठेवले होते आणि डबा रिकामाच होता. मी घाई केली तेव्हा म्हणाल्या, "अहो, असे दगड भरायचे नसतात. आधी घाम येऊ द्या त्यांना. हलवून बघा, आत पाणी वाजलं की मग ठेवा."

या वाक्यात सगळं शास्त्र आलं. फ्रीझरमधला पॅक उणे १८ अंशांच्या आसपास असतो. तो तसाच औषधाला लागला तर औषध गोठतं. बाहेर ठेवल्यावर तो चढत चढत शून्यावर येतो, वितळू लागतो आणि पूर्ण वितळेपर्यंत शून्यावरच राहतो. आत पाणी वाजलं म्हणजे उणे अंश संपले. हिपॅटायटिस-बी आणि पेंटाव्हॅलंट या लसींनाही गोठण्याचाच धोका असतो. संशय आला तर कुपी हलवून, गाळ किती वेगाने बसतो हे बघायची शेक टेस्ट असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीकरणाच्या जागेपर्यंत लस पोचवणारी माणसं अनेक ठिकाणी दुचाकीवरच जातात. मी जे आईसाठी अधूनमधून करतो ते ही माणसं नेमाने करतात, आणि त्यांच्या या कामाबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

माझी मांडणी साधी आहे. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास आधी गार पाण्याने भरून ठेवायचा, मग ओतून कोरडा पुसायचा. पाणी वाजणारा छोटा पॅक सुती पंचात दोन-तीन पदरी गुंडाळून तळाला. कार्ट्रिज मूळ खोक्यासकट झिपच्या पिशवीत, वर. मध्ये आणखी एक पदर. वायर लावलेला छोटा थर्मामीटर मिळतो, त्याचं टोक खोक्याला टेकलेलं हवं, पॅकला नव्हे. आकडा बाहेर दिसतो, त्यामुळे झाकण उघडून बघायचा मोह होत नाही.

मग प्रश्न गाडीवरच्या जागेचा. स्कूटरची डिकी इंजिनाच्या डोक्यावर असते. टाकीवरची बॅग खालून तापते, सायलेन्सरच्या बाजूची सॅडल बॅग तर विचारूच नका, आणि पाठीवरच्या काळ्या सॅकला दुपारभर ऊन. वाशीच्या पुलाआधी गाड्या खोळंबल्या की वारा थांबतो आणि इंजिनाची धग मांडीला लागते, तेव्हा या सगळ्या जागा एकदम कळतात. मागच्या सीटवरची बॅग, तिच्या मधोमध कपड्यांत रुतवलेला थर्मास आणि वरून पांढरं फडकं हे सगळ्यांत बरं. कपड्यांमुळे धक्केही कमी बसतात. तेही महत्त्वाचं, कारण उष्णता आणि सततची घुसळण एकत्र आली की इन्सुलिनचे रेणू एकमेकांना चिकटू लागतात.

वापरातल्या पेनासाठी पाण्यात भिजवायची पिशवी मिळते. आतले कण पाणी पिऊन फुगतात आणि ते पाणी उडताना पिशवी गार होते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. एक ग्रॅम पाणी उडून जाताना ५८०च्या आसपास. युक्ती बर्फापेक्षा कितीतरी जोरकस आहे, पण हवेने ते पाणी घ्यायला हवं. ट्रॉम्ब्याला तीन बाजूंनी खाडी. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असली की ओली वस्तू साडेसत्तावीसच्या खाली जाऊच शकत नाही. माणदेशात ३८ अंशांत आर्द्रता २० टक्के असेल तर तीच पिशवी २१ अंशांपर्यंत उतरू शकते. आपल्याकडचा माठ मुंबईत जेमतेम गार होतो आणि दहिवडीत दात शिवशिवतात, त्याचं कारण हेच.

गाडी जोरात पळवली की पिशवी जास्त गार होते, असं अनेकांना वाटतं. वाऱ्याने पाणी लवकर उडतं, पण किती खाली उतरायचं हे हवेतली आर्द्रताच ठरवते. वेगाने तो तळ बदलत नाही. उलट पिशवी लवकर सुकते. म्हणून मी ती मागच्या बॅगेच्या सावलीच्या बाजूला जाळीखाली, वारा लागेल अशी अडकवतो आणि पुण्यात पुन्हा भिजवतो. प्लास्टिकमध्ये किंवा रेनकोटच्या घडीत ठेवली तर ती नुसती ओली राहते. जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, तिच्यावर विसंबूच नये. पेनसुद्धा थर्मासात घ्यावं. कोकणात उतरणाऱ्यांनी तर हे आधीच धरून चालावं.

घरी पोचल्यावर खोकं फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकता. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या खणाला लागून ठेवलेलं औषध गोठू शकतं. इतकं सांभाळून आणलेलं तिथे नासायला नको. वीज बराच वेळ गेली तर पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून माठ गाठायचा. तिकडच्या कोरड्या हवेत तो चांगला साथ देतो.

शेवटची परीक्षा आईच्या वहीत होते. नवीन कार्ट्रिज चढवल्यावर तीन-चार दिवस ती सकाळची साखर लिहून ठेवते. खाणं तेच, डोस तोच, आणि आकडा चढत गेला तर डॉक्टरांना फोन आणि ते कार्ट्रिज बाजूला. थर्मामीटरने वाटेत शून्याखालचा आकडा दाखवला असेल तर वहीचीही वाट बघायची नाही. "एवढं महागाचं औषध टाकायचं?" आई दर वेळी विचारते. टाकायचं. खोक्यावर छापलेली मुदत गोठून गेलेल्या इन्सुलिनला लागू नाही.