प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प : जोडी जुळवताना

मुंबईचा चोर बाजार असो की लॅमिंग्टन रोड, जुन्या ऑडिओ सामानाचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांकडे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प पुष्कळदा सुटे येतात. दोन्ही चालू असतात म्हणून जोडून विकले जातात. आठ दिवसांत गिऱ्हाईक परत येते. आवाजात दम नाही, नाहीतर बटण जरा फिरवले की घर हादरते. माल खराब नसतो. कोटाचे कापड आणि अस्तर दोन्ही उत्तम असूनही पाण्यात वेगवेगळे आटतात, तसेच हे. पण पैसे परत द्यावे लागतात आणि दुकानाची पत जाते ती निराळीच.

गिऱ्हाईक वॅट विचारते. या जोडणीत आधी पाहायचे ते व्होल्ट आणि ओहम.

पॉवर ॲम्पला पूर्ण ताकदीसाठी किती व्होल्ट लागतात, ती त्याची सेन्सिटिव्हिटी. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९६७ साली ३३ हा प्रीॲम्प आणि ३०३ हा पॉवर ॲम्प काढला. ३०३ ला अर्धा व्होल्ट पुरतो, ३३ त्याच हिशेबाने बनवलेला. त्याच ३०३ ला दोन व्होल्ट देणारा नवा प्रीॲम्प लावला तर बटण थोडे फिरताच ताकद संपते. पुढे आवाज फाटतो आणि ट्वीटर जळतात. कारागिरांनी पॉवर ॲम्पच्या तोंडाशी प्रत्येक चॅनलला १० किलो-ओहमचा रेझिस्टन्स ओळीत आणि ३.३ चा अर्थला आडवा लावावा. व्होल्टेज साधारण पाव होते. हा उपाय ट्रान्झिस्टरच्या प्रीॲम्पलाच करावा, व्हॉल्व्हच्या नको.

कारण व्हॉल्व्हला ओहमचा भार सोसत नाही. पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहापट असावा. व्हॉल्व्ह प्रीॲम्पच्या शेवटी ०.२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल, तर ४७ किलो-ओहमच्या ॲम्पवर तो १५ हर्ट्झपर्यंत साथ देतो. १० किलो-ओहमच्या ॲम्पवर मात्र ७२ हर्ट्झपासूनच खालचा आवाज गळू लागतो आणि कव्वालीतली ढोलक पोकळ वाजते. तितक्याच व्होल्टचा १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला की ढोलक भरते, पण दहापटीची अट तरीही पाळावीच लागते. सेट बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट राहतात, ते उतरवल्याशिवाय हात घालू नये.

कंडेन्सर मोठा केला की चालू करताना धक्काही मोठा बसतो. म्हणून प्रीॲम्प आधी चालू करून मिनिटभर थांबावे, मग पॉवर ॲम्प. बंद करताना पॉवर ॲम्प आधी. माल देताना गिऱ्हाइकाला हे लिहूनच द्यावे.