महामारीत नशेचे बळी : मार सगळ्यांवर सारखा पडला नाही

आपल्या जामच्या चौरस्त्यावरून एक रस्ता हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. वरोऱ्यापासून जवळच, यवतमाळ जिल्ह्यात वणी आहे. एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे दारूची दुकाने बंद होती, तेव्हा तिथे सॅनिटायझर पिऊन ७ जणांचा जीव गेला. हातावर पोट असलेले मजूर त्यांत होते. त्यांना कोरोनाने नाही, तलबेने मारले.

दुकान बंद झाले की नशा सुटते, असे आपल्याला वाटते. वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे, तरी काय चालते ते आपण पाहतोच. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते, भास होतात. अशा वेळी माणूस मिळेल ते तोंडाला लावतो. सॅनिटायझर किंवा बनावट दारूत मिथेनॉल असेल तर शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड बनते. आधी नजर जाते, मग जीव.

अमेरिकेतही हेच दिसले, फक्त नशा वेगळी. तिथे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने २०१९ मध्ये ७०,६३० लोक मेले, तर २०२० मध्ये ९१,७९९. पण वाढ सारखी नव्हती. २५ राज्ये आणि राजधानीच्या आकडेवारीनुसार मृत्युदर गोऱ्यांमध्ये २२ टक्क्यांनी वाढला, मूळनिवासींमध्ये ३९ आणि कृष्णवर्णीयांमध्ये ४४ टक्क्यांनी. बाजारात फेंटानिल नावाचे जहाल औषध मिसळले जात होते, उपचार केंद्रे विस्कळीत झाली होती, माणसे एकटी पडली होती. ज्यांच्यापर्यंत उपचार आधीच कमी पोहोचत होते, त्यांच्यावर मार जास्त पडला.

आता आपल्या घराकडे या. "आमच्यात कोणी पीत नाही," असे आपण सहज बोलून जातो. इराणमध्ये तर दारूवर कायद्याने बंदी आहे. तरी २०२० च्या सुरुवातीला, दारूने कोरोना जातो या अफवेपायी लोकांनी चोरून मिळणारी दारू घेतली. तिच्यात मिथेनॉल होते. शेकडो माणसे मेली.

नशा हराम आहे, यात वाद नाही. पण त्याच लाजेपोटी आपण पोराचे व्यसन मोहल्ल्यापासून लपवतो, डॉक्टरपासूनही लपवतो. आणि लपलेला माणूसच आधी मरतो.

म्हणून काही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत असू द्या. रोज पिणाऱ्याला कोंडून एकदम दारू तोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. काही दिवस नशा सुटली आणि पुन्हा तोच जुना डोस घेतला, तर शरीराला तो झेपत नाही. अफू किंवा हेरॉइनसारख्या नशेत असे मृत्यू जास्त होतात. प्यायल्यावर धूसर दिसणे, उलट्या किंवा दम लागणे सुरू झाले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा आणि काय प्यायला ते खरे सांगा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

अम्मी-अब्बांनी रागवावे, जरूर रागवावे. पण आधी पोराला दवाखान्यात न्यावे.