ज्या घरात गहू चालत नाही

पथ्य हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. ताप आला की मऊ भात, पोट बिघडले की ताक, बाळंतिणीला अमुक चालते आणि तमुक चालत नाही, हे सारे आपण ऐकत मोठे झालो. पण आपल्या मनातील पथ्याला एक शेवट असतो. चार दिवस, फार तर मंडळभर पाळावयाचे आणि मग एके दिवशी ‘आता खा हो काय हवे ते’ असे सांगावयाचे. आज आम्हांस ज्या पथ्याविषयी बोलावयाचे आहे त्याला असा दिवस नाही. ते जन्मभराचे आहे, आणि पुष्कळदा ते दोन-तीन वर्षांच्या मुलापासून सुरू होते. पाळावयाचे मात्र त्या एकट्या मुलाला नव्हे, साऱ्या घराला असते.

या विकाराचे नाव सिलियाक. पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले. गव्हात ग्लुटेन नावाचा एक प्रथिनांचा समूह असतो. तो पाहावयाचा असेल तर कणकेचा घट्ट गोळा पाण्याच्या धारेखाली धरून चोळत राहावे. पांढरे सत्त्व वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. पोळी न तुटता लाटली जाते आणि पाव फुगतो, तो याच चिवटपणामुळे. काही माणसांच्या शरीरात मात्र या ग्लुटेनमुळे स्वतःचीच संरक्षक यंत्रणा लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीसारखे असंख्य रसांकुर असतात आणि अन्नरस शोषून घेण्याचे काम ते करतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवते, पण अंगी काही लागत नाही. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे, शौचास वारंवार व दुर्गंधी, आणि स्वभाव चिडका. इकडे घरात काय म्हटले जाते ते सर्वांस ठाऊक आहे. कोणी दृष्ट काढते, कोणी जंतांचे औषध देते, आणि कोणी आईकडे पाहून म्हणते, ‘हिला मूल वाढवता येत नाही.’

मुलाच्या रोगाइतकेच हे शेवटचे वाक्य त्या घराला पोखरते, असे आम्हांस वाटते. म्हणून त्यामागील कारण कसे सापडले ती हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

लंडनचे सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या रोगाचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले. बरे करावयाचे असेल तर ते आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. एका मुलाला रोज हॉलंडचे शिंपले खाऊ घातले तेव्हा ते छान बाळसे धरू लागले, आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खालावले, असेही त्यांनी नोंदविले आहे. गंमत अशी की याच गींनी तांदूळ व साबुदाणा वर्ज्य ठरविला आणि पातळ कापून भाजलेला पाव मात्र चालेल म्हटले. किल्ली हातात होती, कुलूप चुकले. पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार काढला. मुले सुधारली, आणि केळ्यात काही दिव्य गुण आहे अशी समजूत पसरली. वस्तुतः त्या आहारात पाव नव्हता, गुण एवढ्याचाच होता. मूल बरे झाले म्हणून पाव पुन्हा सुरू केला की ते परत पडे.

उलगडा केला तो हॉलंडमधील हेग शहराच्या बालरुग्णालयातील विलेम डिके या डॉक्टरांनी. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन अमलाखालील हॉलंडात अन्नाची एवढी टंचाई झाली की लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. इतर मुले उपासमारीने खंगत असता सिलियाकची मुले मात्र सुधारली, आणि पाव परत मिळू लागताच त्यांचे दुखणेही परतले, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. हकीकत चित्तवेधक खरी. पण डिके यांना गव्हाचा संशय त्याआधीच आला होता आणि गव्हाविना आहाराविषयी त्यांनी १९४१ सालीच लिहिले होते. शिवाय दुष्काळातल्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा त्यांनी नंतर शांतपणे गोळा केला. आज गहू द्यावयाचा, उद्या बंद करावयाचा, मुलांची वाढ नोंदवावयाची. आणि वायर्स व व्हान डे कामर या सहकाऱ्यांच्या साह्याने मुलांच्या मलात न पचलेली चरबी किती जाते ते मोजावयाचे. असे वर्षानुवर्षे केल्यावर १९५० साली त्यांनी आपला प्रबंध युट्रेख्त विद्यापीठास सादर केला. दोष पिष्टाचा नाही, गव्हातील ग्लुटेनचा आहे, हे या मंडळींनी दाखवून दिले. बापाचा नाही, आईचा नाही, दृष्टीचा नाही.

गव्हाबरोबर जव आणि राय ही दोन धान्येही अपायकारक. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सर्व डाळी निर्धोक. ही यादी वाचताच आपल्या लक्षात येईल की युरोपातल्या आईला जे धान्य दुकानोदुकानी हुडकावे लागते ते आपल्या आजीच्या डब्यांत भरलेले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील पाहणीत सुमारे शंभरांत एकास हा विकार आढळला. २०१६ साली देशाच्या तीन विभागांची तुलना प्रसिद्ध झाली, तीत उत्तरेत तो शेकडा सव्वाच्या घरात आणि दक्षिणेत हजारी एक एवढाच निघाला. उत्तरेत पोळी, दक्षिणेत भात, हा फरक त्या संशोधकांना महत्त्वाचा वाटला. आपल्या शहरांतही भाकरीची जागा पोळीने घेतली आहे, तेव्हा हा विषय पंजाबवर सोपवून चालणार नाही.

ॲलर्जी आणि हा विकार यांत लोक घोटाळा करतात. शेंगदाणा, अंडे किंवा गाईचे दूध यांची खरी ॲलर्जी बहुधा मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत उमटते. गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो, आणि तेथे वेळ न दवडता रुग्णालय गाठून ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच द्यावे लागते. सिलियाकचे काम संथ आणि चोरपावलांचे. कधी जुलाबही नसतात. नुसती न हटणारी रक्तक्षीणता किंवा खुंटलेली उंची एवढीच खूण. दूध न पचणे ही तर तिसरीच गोष्ट. दुधातील साखर न पचल्याने पोट फुगते तो एक प्रकार, आणि दुधातील प्रथिनांची ॲलर्जी हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारात ‘गाईचे नको तर शेळीचे द्या’ हा शेजारचा सल्ला धोक्याचा, कारण दोन्ही दुधांतील प्रथिने बरीचशी सारखी असतात.

आता तान्ह्या बाळाविषयी. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि डब्यातील दुधाच्या जाहिरातीस आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तथापि ज्या आईस काही कारणाने पाजता आले नाही, तिच्या मुलाला पुढे सिलियाक झाला तर तो तिच्यामुळे झाला असे म्हणण्यास आधार नाही. पूर्वी तसा समज होता. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात दोन वर्षांखालील मुलांत हा रोग एकाएकी वाढला आणि १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर ओसरला. तेव्हा गहू केव्हा सुरू करावा, अंगावर पाजत असतानाच करावा काय, यावर फार खल झाला. पुढे युरोपात, ज्यांना रोगाचा आनुवंशिक धोका होता अशा ९४४ बालकांवर प्रयोग झाला. काहींना चौथ्या ते सहाव्या महिन्यात थोडे ग्लुटेन दिले, काहींना दिले नाही. २०१४ साली निष्कर्ष आला की त्याने रोग टळत नाही. स्तनपानानेही फरक दिसला नाही.

शेंगदाण्याची कथा अगदी उलटी निघाली. धोक्याच्या मुलांना तो तीन वर्षांपर्यंत देऊ नये असा सल्ला अमेरिकेत २००० साली दिला गेला आणि २००८ मध्ये मागे घेतला गेला. लंडन येथे ६४० बालकांवर प्रयोग झाला. वयाच्या पाचव्या वर्षी, शेंगदाणा टाळलेल्या मुलांत शेकडा १७ जणांना त्याची ॲलर्जी होती. लहानपणापासून खाल्लेल्यांत ती शेकडा ३ एवढीच. हा निकाल २०१५चा. एका अन्नाचा नियम दुसऱ्यास लावता येत नाही, तो असा. (अख्खा दाणा मात्र लहान मुलास कधीच देऊ नये, तो श्वासनळीत अडकतो, कूट बारीक वाटून, कालवून द्यावे. ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांस विचारावे. आणि उष्टावणाच्या उत्साहात वर्षाच्या आत मध चाटवू नये.)

एक सूचना आग्रहाने करतो. नुसत्या शंकेवरून गहू बंद करू नका. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि गरज पडल्यास आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहणे, या दोन्ही परीक्षा मूल गहू खात असतानाच खऱ्या ठरतात. आधीच गहू सोडला तर रसांकुर भरून येतात, तपासणी निर्दोष निघते, आणि घर जन्मभर संशयात राहते. वजन घटावे म्हणून गहू टाकण्याची जी टूम हल्ली निघाली आहे तिच्याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. तिच्यामुळे खऱ्या रोग्याचे पथ्यही लोकांस नखरा वाटू लागले आहे.

निदान झाल्यावर खरी परीक्षा स्वयंपाकघराची. पोळी दिसते, म्हणून ती टाळता येते. न दिसणारा गहू कठीण. डबीतल्या हिंगपुडीत बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. थालिपिठाच्या भाजणीत गहू, कुरडईत गहू, सातूच्या पिठात गहू किंवा जव, मुलांच्या दुधात घालावयाच्या माल्टमध्ये जव. आणि गिरणी! ज्वारी गव्हावर दळली की ज्वारी राहत नाही. आपण आजवर गव्हावर तांदूळ दळला तर पीठ बिघडते म्हणून गिरणीवाल्याशी भांडत आलो. येथे मूल बिघडते. शक्य असेल तर घरी लहान चक्की घ्यावी, नाहीतर धान्य धुऊन, वाळवून मिक्सरवर दळावे. तवा, पोळपाट आणि पीठ चाळावयाची चाळणी निराळी ठेवावी. विकतच्या पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापावयाचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा नियम आहे. यावरून प्रमाण किती सूक्ष्म ते कळावे.

मग येते आजीची माया. नातू शेजारी बसून साऱ्यांच्या ताटातील पुरणपोळीकडे पाहतो आणि आजीला ते पाहवत नाही. सुनेची पाठ वळताच ती एक तुकडा तुपात बुडवून त्याच्या तोंडात घालते. मूल लगेच आजारी पडत नाही, म्हणून ‘बघ, काही झाले का?’ असे म्हणावयास तीच मोकळी. झालेले असते ते आतड्यात, आणि ते डोळ्यांस दिसत नाही. आजींना रागे भरून हे सुटत नाही असा आमचा अनुभव आहे. त्यांच्याकडेच काम सोपवावे. तांदळाच्या पिठीची उकड, नाचणीचे सत्त्व, वरईचे सांजण, राजगिऱ्याच्या वड्या हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे त्या आजीच आहेत. पुरणही निर्धोक आहे, फक्त आवरण बदलावयाचे.

भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, त्यांस लक्षणे नसली तरीही. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा विकार सर्वसामान्यांहून पुष्कळ अधिक आढळतो. मुलगी मोठी झाली, लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या, की घरची माणसे हा विषय दडवू लागतात. दडवून ती सासरी गेली तर पहिल्याच सणाला तिने पोळी खावी की मान खाली घालावी? पथ्य पाळले तर ती कामकाज, बाळंतपण, सारे इतरांसारखे करते; न पाळले तर रक्तक्षीणता आणि ठिसूळ हाडे तिच्या वाट्यास येतात. तेव्हा बोलणी चालू असतानाच हे स्पष्ट सांगावे.

आणि असे मूल आपल्या घरी जेवावयास आले तर? यजमानिणीने धास्तावण्याचे कारण नाही. वरण-भात, तूप, लिंबू, दही, साधी भाजी, शेंगदाण्याची चटणी. फोडणीत त्या दिवशी हिंग नको, भात वाढणारा हात पोळीचा नको, आणि त्याचे ताट सर्वांआधी वाढून बाजूला ठेवावे.